नकाशा यंत्र काढेल, जबाबदारी कोण घेईल?

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८९६ साली आरेखकांचे वर्ग सुरू झाले. इमारत कशी असावी हे साहेबाने ठरवायचे आणि एतद्देशीयांनी तिचे नकाशे काढायचे, अशी तेव्हाची कामाची वाटणी होती. आज नकाशे काढण्याचे काम संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता झपाट्याने आपल्याकडे घेत आहेत. अशा वेळी वास्तुविशारद घडवायचा म्हणजे नेमके काय शिकवायचे, हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे.

या शिक्षणाने एकदा मोठी झेप घेतली होती. आरेखकांच्या वर्गांतून जॉन बेग यांच्या पुढाकाराने चार वर्षांचा अभ्यासक्रम आकाराला आला. १९२३ पासून दोन दशके या शिक्षणाची धुरा वाहणाऱ्या क्लॉड बॅटली यांनी जुन्या भारतीय वास्तू प्रत्यक्ष मोजून त्यांची रेखाटने करण्यावर भर दिला. याच संस्थेतून गजानन म्हात्रे यांच्यासारखे वास्तुविशारद घडले. ज्या 'आर्ट डेको' इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्या उभारणाऱ्यांत या पिढीचा मोठा वाटा होता. आचऱ्याचे अच्युत कानविंदे येथूनच हार्वर्डला गेले आणि स्वतंत्र भारतातील आधुनिक वास्तुकलेचे एक शिल्पकार ठरले. नकाशे काढणारा वर्ग अवघ्या काही दशकांत निर्णय घेणारा झाला.

१९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने या व्यवसायाला कायदेशीर ओळख दिली. या शिक्षणावर अंतिम अधिकार तंत्रशिक्षण परिषदेचा की वास्तुकला परिषदेचा, हा वाद मात्र त्यानंतरही दीर्घकाळ चालला. कोल्हापूरच्या एका महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये तो वास्तुकला परिषदेच्या बाजूने निकाली काढला. परंतु चारच महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये, त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. हा कायदा 'वास्तुविशारद' या उपाधीला संरक्षण देतो. त्या कामावर नोंदणीकृत व्यक्तींची मक्तेदारी निर्माण करत नाही. याचा अर्थ, पाच वर्षांच्या पदवीचे मोल केवळ कायद्याच्या आधारावर टिकणार नाही.

दुसरीकडे, गेल्या दोन-तीन दशकांत खासगी महाविद्यालये भराभर वाढली, पण त्या प्रमाणात अनुभवी अध्यापक घडले नाहीत. भरमसाट शुल्क भरून पदवी घेतलेला तरुण अनेकदा तुटपुंज्या वेतनावर चटईक्षेत्राची गणिते सोडवत संगणकासमोर बसतो. थोडक्यात, शिक्षणाने ज्याला आरेखकाच्या भूमिकेतून बाहेर काढले, त्याला बाजाराने पुन्हा आरेखकच केले.

याची किंमत केवळ या व्यवसायाला मोजावी लागत नाही. मुंबईच्या गोवंडी-मानखुर्द परिसरातील पुनर्वसन वसाहतींच्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. एकमेकींना खेटून उभ्या इमारती, घरांत न पोहोचणारा उजेड व वारा आणि रहिवाशांतील क्षयरोग यांचा संबंध त्यात दाखवण्यात आला. या इमारतींचे नकाशे तत्कालीन नियमांच्या चौकटीतच संमत झाले होते. नियम आणि क्षेत्रफळ सांगितले तर असा नकाशा यंत्रही काढील. पण खालच्या मजल्यावरील खोलीत दुपारीही दिवा लावावा लागेल, हे ओळखून हरकत घेणारा माणूस तेथे हवा.

भविष्यातील अभ्यासक्रमाने हा माणूस घडवायला हवा. संगणक शिकवावाच, त्याला विरोध करणे व्यर्थ आहे. मात्र त्याच्या जोडीला विद्यार्थ्याने जागा पायी फिरून मोजावी, हवामान व बांधकाम साहित्य हाताळून समजून घ्यावे, पुनर्विकासाला निघालेल्या चाळीतील रहिवाशांशी बोलावे आणि विकास नियमावलीतील त्रुटी दाखवून देण्यास शिकावे. बॅटलींच्या काळातील मोजमापाचा आग्रह आज अशा रूपात परतायला हवा. परिषदेनेही तपासणीत वर्गखोल्या आणि संगणक मोजण्यापेक्षा विद्यार्थी शहरात किती वेळ घालवतात, हे पाहावे.

२०२३ मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभ्यासक्रम स्वतः ठरवण्याची मुभा त्यामुळे हाती आली आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी जेथे भारतीयांच्या हाती पेन्सिल देण्यात आली, तेथूनच आता निर्णयाची जबाबदारी घेणारे वास्तुविशारद घडवण्यास प्रारंभ व्हावा. अन्यथा पदव्या वाढतील आणि घरांतला उजेड कमी होत जाईल.