संच उठला, पण दाखवायचे काय?

गेल्या उन्हाळ्यातली संध्याकाळ. नातेपुत्याच्या बाजारपेठेतल्या एका अरुंद गाळ्यात आम्ही तिघे-चौघे श्वास रोखून बसलो होतो. समोर लाकडी पेटीतला, पन्नाशी ओलांडलेला व्हॉल्व्हचा दूरचित्रवाणी संच. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात ज्यांचे केस पांढरे झाले आणि ज्यांना सारा गाव मामा म्हणतो, त्यांनी बटण दाबले. अर्धा मिनिट काहीच झाले नाही. मग व्हॉल्व्ह लालसर दिसू लागले, स्पीकरमधून खरखर आली आणि शेवटी काच उजळून तिच्यावर मुंग्यांचे वारूळ फुटले. मामांचा नातू म्हणाला, ‘‘आजोबा, शिट्टी वाजतेय.’’ मला काहीच ऐकू आले नाही. चित्राच्या रेषा आखणारे मंडल सेकंदाला 15,625 आवर्तने करते. तो बारीक आवाज म्हाताऱ्या कानांना लागत नाही.

मामांनी हात पुसले आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, संच तर उठला. आता ह्याला दावायचं काय?’’

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून तो डोक्यात घोळतो आहे, आणि जितका विचार करावा तितका तो एका जुनाट पेटीपुरता नाही असे वाटू लागले आहे.

एका पेटीचा इतिहास

हा संच माझ्या काकांचा. मुंबई दूरदर्शन सुरू झाले ते 2 ऑक्टोबर 1972 रोजी, आणि 1973 मध्ये सिंहगडावरून पुण्यासाठी सहप्रक्षेपण सुरू झाले. काका तेव्हा पुण्यात नोकरीला होते. त्यांनी 1974 मध्ये संच घेतला आणि निवृत्तीनंतर तो गावी आणला. नातेपुत्यापर्यंत सिंहगडाचे प्रक्षेपण धड पोचत नसे. काकांनी माळवदावर उंच पाइप उभारून अँटेना बांधली. एकाने वर चढून ती फिरवायची आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं... गेलं’ असे ओरडायचे, हा आमचा रोजचा कार्यक्रम. हवा जुळून आली तर ‘आमची माती आमची माणसं’ दिसायचे. नाहीतर नुसत्या मुंग्या.

पेटीबरोबर पोस्टातून काढलेले परवान्याचे पुस्तकही सापडले. त्या काळी संच बाळगायचा तर सरकारकडे दरवर्षी शुल्क भरावे लागे. ऐंशीच्या दशकात हा परवाना रद्द झाला. परंतु तोवर काकांनी एकाही वर्षी शुल्क चुकवलेले नव्हते.

संच कोणत्या कंपनीचा, हे मात्र आता सांगता येत नाही. समोरची धातूची पट्टी केव्हाच निखळून पडली आहे. त्या काळात दूरचित्रवाणी संच बनवणारे पुष्कळ होते आणि त्यांतले कितीतरी आज कोणाला आठवतही नाहीत. गंमत अशी की, कंपनीचे नाव माहीत नसल्यामुळे दुरुस्तीचे काही अडले नाही.

दुरुस्ती कशी झाली

मागचे झाकण काढले तेव्हा आत उंदराचे घरटे होते. झाकणाच्या आतल्या बाजूस मंडलाचा नकाशा, म्हणजे आमच्या भाषेत ‘सर्किट’, चिकटवलेला होता. त्यातला निम्मा उंदरांनी खाल्लेला. पण उरलेला निम्मा मामांना पुरेसा होता, कारण व्हॉल्व्हवरचे क्रमांक वाचता येत होते: पीसीएल 85, पीएल 504, पीवाय 88. हे क्रमांक कोणा एका कंपनीचे नव्हेत, सगळ्यांचे. एका कारखान्याचा पीसीएल 85 काढून दुसऱ्याचा बसवला तरी संच चालतो. अक्षरांनाही अर्थ असतो. पहिले ‘पी’ अक्षर सांगते की या व्हॉल्व्हच्या फिलामेंटला 300 मिलिअँपिअर वीज लागते. त्यामुळे एक व्हॉल्व्ह सोडला तर बाकी साऱ्यांची फिलामेंटे दिव्यांच्या माळेसारखी एकामागोमाग एक जोडलेली असतात. एक तुटले की सगळे अंधारात. आमच्या संचात तेच झाले होते.

आमच्या संचातल्या बऱ्याच व्हॉल्व्हवर ‘बीईएल’ अशी अक्षरे होती. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी 1961 पासून असे व्हॉल्व्ह बनवू लागली. पुढे कृष्णधवल चित्रनलिका आणि खुद्द दूरदर्शनचे प्रक्षेपकही तिने बनवले. गेलेल्या दोन व्हॉल्व्हसाठी मी पुण्याची तपकीर गल्ली आणि जुना बाजार पालथा घातला. दोन्ही मिळाले, तेही किरकोळ किमतीत. कारण ते आता कोणालाच नको आहेत.

बाकीचे काम कपॅसिटरचे. पन्नास वर्षांत ते सुकतात वा गळू लागतात. त्यामुळे असा संच एकदम विजेवर लावणे म्हणजे त्याला जाळणेच. मामांनी शंभर वॅटचा बल्ब मध्ये घालून ‘सिरीज’वर त्याला थोडी थोडी वीज दाखवली, आणि एकेक कपॅसिटर बदलत गेले. चित्रनलिकेच्या टोकाला हात लावण्यापूर्वी दर वेळी तिच्यातला साठा जमिनीत उतरवायचा, कारण तिथे पंधरा हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो टिकून राहतो. सहा आठवडे हे चालले. मुंग्या दिसल्या त्या त्यानंतर.

आकाश रिकामे

मुंग्या दिसल्या याचा अर्थ संच ठणठणीत आहे, पण पकडण्यासारखे हवेत काही नाही. ते का नाही, हे फारशा लोकांना ठाऊक नसावे. जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून होणारे दूरदर्शनचे जुने अॅनालॉग प्रक्षेपण प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने बंद केले. मोक्याच्या ठिकाणचे सुमारे पन्नास प्रक्षेपक वगळता बाकीचे बंद करण्यासाठी 31 मार्च 2022 ही तारीख ठरली होती. केबलचे अॅनालॉग प्रसारण त्याआधीच, 2017 पर्यंत, कायद्याने संपवण्यात आले.

या निर्णयाला कारणे होती, हे मान्य केले पाहिजे. मनोऱ्यांचा खर्च मोठा, पाहणारे थोडे, आणि अॅनालॉग प्रक्षेपणाला लहरींची जागाही जास्त लागते. डिसेंबर 2004 पासून दूरदर्शनची बिनशुल्क उपग्रह सेवाही आहे. पण अमेरिकेने 12 जून 2009 रोजी आपली मोठी केंद्रे अॅनालॉगवरून डिजिटलवर नेली, तेव्हा घरातला जुना संच चालू राहावा म्हणून परिवर्तक पेटी घेण्यासाठी सरकारने प्रत्येक कुटुंबाला चाळीस डॉलरची दोन कुपने देऊ केली होती. आपल्याकडे दूरदर्शनचे भूप्रक्षेपण डिजिटल झाले ते मोजक्या शहरांत. आमच्या तालुक्यात मनोरा गेला याची चर्चाही माझ्या कानावर आली नाही. ज्या संचासाठी काकांनी वर्षानुवर्षे शुल्क भरले, त्याच्याशी असलेले नाते सरकारने चुपचाप तोडले.

उलटा प्रकार

आता याच्या नेमका उलटा प्रकार पाहा. माझ्या घरच्या सपाट पडद्याच्या टीव्हीला आकाशातून शेकडो वाहिन्या येतात. गेल्या वर्षी तो बंद पडला. वय सहा वर्षे. कंपनीचे नाव ठळक अक्षरांत समोर आहे, तक्रारीचा क्रमांक आहे, घरी माणूसही आला. त्याने पाच मिनिटे पाहून सांगितले, ‘‘बोर्ड गेला. मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाही. नवा घ्या, सर.’’ मी तो मामांकडे नेला. पन्नास वर्षांपूर्वीचा संच अर्ध्या नकाशावर उठवणारा हा माणूस त्या बोर्डाकडे पाहून हताशपणे म्हणाला, ‘‘ह्याचं सर्किट कुणी देत न्हाई, गुरुजी. अंधारात किती चाचपडायचं?’’

म्हणजे एका संचाचा नकाशा आहे, सुटे भाग आहेत, जाणकार आहे. पण प्रक्षेपण नाही. दुसऱ्याला प्रक्षेपण आहे. पण बाकीचे तिन्ही नाही. दुरुस्तीला या चारही गोष्टी लागतात आणि त्यांतली एक गेली तरी उरलेल्या तिघींचा उपयोग नाही, हे मला त्या गाळ्यात बसून कळले.

आपल्याकडे हे पूर्वी कळत होते. ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 या काळात ‘साइट’ प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांना थेट दूरचित्रवाणी दाखवली गेली. आमच्या शेजारचा विजापूर जिल्हाही त्यात होता. तेव्हा संच वाटून मोकळे होता येणार नाही, ते खेड्यात जाऊन दुरुस्त करावे लागतील, हे धरून देखभालीची केंद्रेही उभारली होती.

अधिकार कोणाचा?

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या अधिकारा’साठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. हेतू चांगला आहे. मात्र कंपनीच्या अधिकृत केंद्राचा पत्ता ग्राहकाला मिळाला म्हणजे अधिकार मिळाला, असे होत नाही. युरोपीय संघाने मार्च 2021 पासून टीव्ही बनवणाऱ्यांना मॉडेल बाजारातून गेल्यावरही किमान सात वर्षे ठरावीक सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांना देणे बंधनकारक केले. फ्रान्समध्ये 2021 पासून टीव्ही दुरुस्तीला किती सोपा, याचे दहापैकी गुण विक्रीच्या ठिकाणीच दाखवावे लागू लागले.

आपल्याकडेही असे बंधन हवे, आणि त्यात नातेपुत्यातल्या गाळ्याचा विचार हवा. नकाशा फक्त कंपनीच्या माणसाला नव्हे, मामांनाही मिळाला पाहिजे. जुन्या यंत्रांचा कचरा कसा गोळा करायचा याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. पण यंत्र कचरा होऊच नये यासाठी झटणाऱ्या कारागिराचाही कोणी विचार करावा. मामांचा नातू आयटीआयला जाणार आहे. पण आजोबांचे दुकान चालवायचे नाही, असे त्याने आताच सांगून टाकले आहे, आणि त्याला दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

राहिला मामांचा प्रश्न. गावात पूर्वी केबल चालवणाऱ्याच्या माळ्यावर एक अॅनालॉग मॉड्युलेटर धूळ खात पडला होता. मामांनी तो मागून आणला, त्याला बिनशुल्क उपग्रह सेवेची पेटी जोडली आणि त्यातून निघालेली तार संचाच्या अँटेनाच्या जागी लावली. मुंग्या हटल्या. बातम्या देणारी बाई कृष्णधवल, किंचित चपटी, पण स्वच्छ दिसू लागली. चपटेपणा पीसीएल 85 च्या मंडलातला; तो मामा पुढच्या आठवड्यात काढणार आहेत. नकाशातला तो भाग उंदरांनी सोडला आहे.