‘पिक्चर चांगलाय, पण शो कुठेय?’ : सामान्य प्रेक्षकाच्या मतावर मराठी सिनेमा कसा तरतो आणि कुठे अडतो?

‘फर्स्ट हाफ जरा स्लो आहे, पण शेवट जबरदस्त.’ ‘आईला घेऊन जा, तिला आवडेल.’ ‘ओटीटीवर आला की बघ, घाई नको.’

शुक्रवारी नवा सिनेमा लागला की शनिवारपर्यंत फॅमिली ग्रुपवर, स्टेटसवर आणि ऑफिसच्या चहाच्या वेळी अशी मतं फिरू लागतात. ती देणारे समीक्षक नसतात. पण सिनेमा दुसरा आठवडा बघणार की नाही, हे बऱ्याचदा याच मतांवर ठरतं. मराठी सिनेमाची अडचण अशी की, हे मत पसरायला जेवढे दिवस लागतात, तेवढे दिवस त्याला थिएटरमध्ये मिळतीलच याची खात्री नसते.

प्रेक्षक आधी विचारून मग का जातो?

पहिलं कारण खर्चाचं. चौघांचं कुटुंब मल्टिप्लेक्सला गेलं की तिकिटं, पॉपकॉर्न आणि पार्किंग मिळून बिल मोठं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यावरच्या तिकिटांवर मात्र १८ टक्के कर कायम आहे. त्यामुळे शहरात वीकेंडला मल्टिप्लेक्सला जाणाऱ्यांना या कपातीचा फारसा फायदा नाही.

दुसरं कारण ओटीटी. काही आठवडे थांबलं तर तोच सिनेमा घरी बघता येतो. म्हणून ‘कसा आहे?’ या प्रश्नाचा खरा अर्थ असतो, ‘थिएटरपर्यंत जाण्याइतका चांगला आहे का?’

या मताची ताकद किती?

केदार शिंदे दिग्दर्शित ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ ला प्रदर्शित झाला. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा अशी त्याची गोष्ट. एकीने बघितला, मग ती मैत्रिणींना घेऊन पुन्हा गेली, असं राज्यभर घडलं. बायका साड्या नेसून, गॉगल लावून ग्रुपने थिएटरात जाऊ लागल्या. एरवी दुसऱ्या आठवड्यात सिनेमाची कमाई घसरते. या सिनेमाची दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्यापेक्षा जवळपास दुप्पट होती.

१२ सप्टेंबर २०२५ ला आलेल्या ‘दशावतार’चंही काहीसं तसंच झालं. सुबोध खानोलकर यांच्या या सिनेमात ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर मुख्य भूमिकेत आहेत. पहिल्या तीन दिवसांत शुक्रवारपेक्षा शनिवारी आणि शनिवारपेक्षा रविवारी जास्त गर्दी झाली. ‘प्रभावळकरांसाठी तरी बघाच’ हे वाक्य तेव्हा सोशल मीडियावर सारखं दिसत होतं.

मग अडतं कुठे?

मल्टिप्लेक्समध्ये पडदे मोजके असतात आणि कोणत्या सिनेमाला किती शो द्यायचे, हे साधारण दर आठवड्याला ठरतं. एखाद्या सिनेमाला अनपेक्षित गर्दी झाली तर आठवड्याच्या मध्येही शो वाढवले जातात. ते वाढवायचे तर दुसऱ्या कुणाचे तरी कमी करावे लागतात.

जुलै २०२५ मध्ये हेच दिसलं. १८ जुलैला मोहित सुरी यांचा ‘सैयारा’ आणि मराठी ‘ये रे ये रे पैसा ३’ एकाच दिवशी लागले. ‘सैयारा’मध्ये दोन्ही मुख्य कलाकार नवे होते. पण गाणी आणि थिएटरात रडणाऱ्या प्रेक्षकांचे व्हिडिओ यांमुळे पहिल्याच वीकेंडला तुफान गर्दी झाली. मराठी सिनेमाचे शो काढले जात असल्याची तक्रार मनसे चित्रपट सेनेने केली आणि वाद पेटला.

मराठी सिनेमाला वेळ मिळाला असता तर तो चालला असता का, हा वेगळा प्रश्न. पण त्याचं उत्तर प्रेक्षकांनी द्यायला हवं. त्यासाठी शो असावे लागतात. शिवाय शो उरला तरी तो सकाळचा किंवा आडवेळचा असेल, तर नोकरी करणारा माणूस जाणार कधी? खुर्च्या रिकाम्या राहतात आणि ‘प्रेक्षकच येत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो.

नियम काय करतो?

एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन सांस्कृतिक मंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी सिनेमा दाखवणं बंधनकारक करण्याची घोषणा केली. वाद झाल्यावर ही वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी वाढवण्यात आली. म्हणजे नोकरदारांना सोयीची वेळच सैल झाली. दुपारी साडेबाराचा शोसुद्धा या वेळेत बसतो.

प्रेक्षकाच्या हातात काय?

मोठ्या बजेटचा सिनेमा पहिल्या तीन दिवसांत जाहिरातीच्या जोरावर गर्दी खेचू शकतो. छोट्या मराठी सिनेमाची जाहिरात म्हणजे बघून आलेला प्रेक्षक. त्याने रविवारी ‘छान आहे’ म्हटलं आणि ऐकणाऱ्याने ‘पुढच्या शनिवारी बघू’ ठरवलं, तर तोवर जवळच्या थिएटरातून सिनेमा गेलेला असू शकतो.

म्हणून आवडलेल्या सिनेमाबद्दल पहिल्याच वीकेंडला सांगणं आणि ऐकणाऱ्याने सोमवार ते गुरुवारमधलं तिकीट काढणं, याचा शोच्या गणितावर थेट परिणाम होतो. न आवडलेल्या सिनेमाबद्दलही मोकळेपणाने सांगायलाच हवं. मराठी आहे म्हणून ‘छान आहे’ म्हटलं, तर ऐकणारा पुढच्या वेळी विश्वास ठेवणार नाही. आणि मराठी सिनेमाची सगळी भिस्त त्याच विश्वासावर आहे.