करार झाले, कामगार कुठे आहेत?

तळेगाव दाभाडे येथील औद्योगिक वसाहतीत मोटारींचा एक भव्य कारखाना उभा आहे. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने 2008 मध्ये तो सुरू केला, तेव्हा आता मावळचे भाग्य उजळले, असे व्यासपीठांवरून सांगण्यात आले. 2017 मध्ये कंपनीने भारतात मोटारी विकणे थांबवले. डिसेंबर 2020 मध्ये कारखानाच बंद झाला आणि हजाराहून अधिक कामगार घरी बसले. दरम्यान चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने तो विकत घेण्याचे ठरवले होते. तो व्यवहार 2022 मध्ये बारगळला. 2023 मध्ये कोरियाची ह्युंदाई आली आणि 2025 मध्ये तेथून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या. आनंदाचीच गोष्ट! मात्र ह्युंदाईचा करार होता जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीचा. माणसांचा नव्हता. ज्यांच्या हातांनी ती यंत्रे बारा वर्षे चालवली, त्यांना नोकरीसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, उपोषणाला बसावे लागले.

या सर्व काळात राज्यात सरकारे बदलली, पण घोषणांचा सूर बदलला नाही. 15 जून 2020 रोजी, महामारीने उद्योगचक्र थांबलेले असताना, ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र 2.0’ या नावाने सुमारे 16 हजार कोटींचे सामंजस्य करार झाले. त्यांपैकी तीन करार चिनी कंपन्यांशी संबंधित होते. एकट्या ग्रेट वॉलचा 3,770 कोटींचा. त्याच रात्री गलवानच्या खोऱ्यात आपल्या 20 जवानांनी प्राणार्पण केले. आठवडाभरात राज्य सरकारला ते तिन्ही करार स्थगित ठेवावे लागले. सीमेला लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीला केंद्राची पूर्वपरवानगी हवी, हा नियम एप्रिलमध्येच झाला होता. मग जूनमध्ये कोणत्या हिशेबाने या रोजगाराची गणती झाली?

सप्टेंबर 2022 मध्ये तर कळसच झाला. वेदांत-फॉक्सकॉनचा 1 लाख 54 हजार कोटींचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून आकाशपाताळ एक करण्यात आले. जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली आणि तो संयुक्त प्रकल्प गुजरातमध्येही उभा राहिला नाही. त्यासाठी कंठशोष करणाऱ्यांनी नंतर चकार शब्द काढल्याचे स्मरत नाही. जो कारखाना कागदावरच होता, त्यासाठी मोर्चे. आणि जो डोळ्यांदेखत बंद पडला, त्याच्या कामगारांसाठी चार ओळींची निवेदने.

दोष एका पक्षाचा नाही. आमच्या राज्यकर्त्यांनी विकास मोजण्याचे मापच चुकीचे निवडले आहे. 1964 पासून सामूहिक प्रोत्साहन योजना राबवली जाते. सवलती मुख्यतः भांडवली गुंतवणूक पाहून मिळतात. स्थानिकांना 80 टक्के नोकऱ्या द्याव्यात, हा शासननिर्णयही 1968 पासूनचा. प्रत्यक्षात मावळातला आयटीआय झालेला मुलगा ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो. त्याची जमीन मात्र कायमची गेलेली असते.

याच तळेगावात 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून निधी जमवला, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिले, परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय येथे आले. कारखान्याबरोबर तेथे कारागीर घडले आणि ते देशातल्या इतर काचकारखान्यांत गेले. परक्या राजवटीत, सवलतींचा रुपयाही नसताना हे घडले, हे आजच्या उद्योगखात्याने ध्यानात घ्यावे. यंत्र विकता येते, परत नेता येते. हातात उतरलेली विद्या कोणतीही कंपनी गाठोड्यात बांधून नेऊ शकत नाही.

आता काचेचीच आणखी एक योजना आहे. लोणावळ्याजवळ टायगर पॉइंटला काचेचा पूल बांधण्याची घोषणा 2024 मध्ये झाली; खर्च सुमारे 333 कोटी. पर्यटनातून रोजगार वाढेल म्हणे. वाढेलही, भजी, चहा आणि वाहनतळाच्या पावत्यांचा. त्याच तालुक्यात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जीर्ण लोखंडी पूल 15 जून 2025 रोजी कोसळला आणि चार जणांचा बळी गेला. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलेला ‘इंद्रायणी’ तांदूळ महाराष्ट्रभर घरोघरी शिजतो. त्याच्या प्रक्रियेचा उद्योग गावोगावी उभा करण्यासाठी एवढ्या घाईने तिजोरी उघडल्याचे दिसत नाही.

मागणी साधी आहे. वसाहतीतील प्रत्येक कंपनीने किती सवलत घेतली, तिच्या कायम हजेरीपटावर मावळातील किती आणि ठेकेदाराकडे किती, याची यादी दरवर्षी वडगावच्या तहसील कचेरीबाहेर लावावी. पुढचा सामंजस्य करार त्यानंतर करावा.