प्लॅन वाढवू नका, पिंग विचारा

परवा रात्री भाचा व्हॅलरंटचा रँक सामना खेळत होता. ऐन रंगात आलेला असताना पिंग ३० वरून एकदम ४०० वर गेलं, स्क्रीन गोठली, पोरगं बाहेर. वर गेमनेच दंड ठोकला, मध्येच सोडून गेलास म्हणून. चार मित्रांच्या शिव्या वेगळ्याच.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. राउटर बंद-चालू केला, मोबाईलवर स्पीड टेस्ट लावली आणि म्हणाला, "काका, शंभरचे शंभर येतायत. गेमिंगला कमी पडतं, तीनशेचा प्लॅन घ्या."

मित्रांनो, हाच तो धंदा. स्पष्ट बोलतो.

गेम खेळताना बहुतेक वेळा एक एमबीपीएससुद्धा लागत नाही. लागतं ते पिंग, म्हणजे आपला निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. व्हॅलरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. सांगली-मुंबई अंतर पावणेचारशे किलोमीटर धरा, जाऊन-येऊन चार मिलिसेकंद. वळणं, मधली यंत्रं सगळं धरून वीस-तीस म्हणा. मग चारशे कुठून आले? तीनशेचा प्लॅन घेऊन ते कसे जाणार? हायवे रुंद केला म्हणून टोलनाक्यावरची रांग हटत नाही.

आता आपलीही चूक मान्य करू. अर्धी घरं राउटर टीव्हीच्या मागे नाहीतर शोकेसमध्ये कोंबतात आणि तीन भिंतींपलीकडून वायफायवर खेळतात. तर आधी एवढं करा. लॅन केबल लावा. ते जमत नसेल तर ५ गिगाहर्ट्झवर या आणि राउटर उघड्यावर ठेवा. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी राउटरलाच पिंग लावा, पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ असतो. तिथेच आकडे उड्या मारत असतील तर दोष घरातला, वायफायचा. राउटरपर्यंत एक-दोन मिलिसेकंद स्थिर आणि बाहेर गेल्यावर उड्या, तर दोष पुढचा.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही. घरात कोणाच्या मोबाईलचे फोटो बॅकअपला लागले की अपलोड भरतं, राउटर आत लांबलचक रांग लावतो आणि गेमचं चिमुकलं पाकीट त्या रांगेत शेवटी उभं राहतं. चांगल्या राउटरमध्ये यावर क्यूओएस नावाची सोय असते. वेगाची मर्यादा प्लॅनच्या थोडी खाली, नव्वद टक्क्यांच्या आसपास लावली की रांग आटोक्यात येते.

पण लावणार कशी? कंपनीने दिलेल्या राउटरचा पासवर्ड कंपनीकडे! आमच्याकडे मागितला तर उत्तर आलं, "तसा नियम नाही." आपला राउटर लावायचा म्हटलं तर ब्रिज मोड करून देत नाहीत, मग एकावर एक दोन राउटर आणि डबल नॅटचा नवा घोळ. त्यात एकाच पब्लिक आयपीवर कितीतरी घरं बसवलेली. राउटरमधला बाहेरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्यात दिसला तर समजा तुम्हीही त्यातलेच. मित्रांशी थेट जोडणी होत नाही, व्हॉइस चॅट तुटतं, ते बऱ्याचदा यामुळेच. वेगळा आयपी हवा? ज्यादा पैसे मोजा.

कोणी म्हणेल, पोरांच्या गेमसाठी एवढा त्रागा कशाला? अहो, ज्या उडीने गेम तुटतो तिनेच ऑनलाइन मुलाखत तुटते, डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल तुटतो. गेमर पोराला ती आधी कळते एवढंच. आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिलीय. मैदान दिलं, पण खेळपट्टी उखडलेलीच.

तेव्हा मागण्या तीन. प्लॅनच्या जाहिरातीत वेगाशेजारी संध्याकाळच्या गर्दीतलं पिंग छापा. राउटरचा पासवर्ड आणि ब्रिज मोड मागितल्यावर द्या. आयपीव्ही६ चालू करा.

आणि आपण काय करायचं? तोंडी तक्रार बंद. तक्रार क्रमांक घ्या, सोबत केबल लावून काढलेले पिंगचे स्क्रीनशॉट जोडा. ट्रायच्या २०२४ च्या गुणवत्ता नियमांत लेटन्सी आणि पॅकेट ड्रॉप हे निकष आहेत, त्यांचं नाव घेऊन लिहा. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत जा. तिथेही नाही तर ग्राहक आयोग आहे. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

एकाने तक्रार केली तर ते राउटर बंद-चालू करून जातील. गल्लीतल्या वीस घरांनी एकाच आठवड्यात लेखी केली, तर बघूया कोण म्हणतं "प्लॅन वाढवा".

आपल्या भागातलं रात्री नऊचं पिंग कमेंटमध्ये टाका. यादी मी करतो.