रक्त तालुक्यातच तपासा

मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
जिल्हा सामान्य रुग्णालय, भंडारा



जगात सुमारे तीनशे माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2011च्या जनगणनेत आपला जिल्हा 12 लाखांचा होता. त्या हिशेबाने इथे चारेक हजार रुग्ण असणार.   आज लिहितो आहे ते त्यांच्या तपासण्यांविषयी.

या आजाराचे धागे रोगप्रतिकारशक्तीत सापडू लागले आहेत. जंतूंशी लढणाऱ्या सी4 प्रथिनाच्या जनुकाचे काही प्रकार असलेल्यांना धोका थोडा जास्त असतो, हे 2016 मध्ये अमेरिकेत दिसले. हेच प्रथिन मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या छाटण्यातही भाग घेते. ती छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, असा अंदाज आहे. त्यावर उद्याच औषध निघेल, असे सांगून कुणाला आशेला लावू नये. पण दोन कामे आजही होण्यासारखी आहेत.

पहिले काम निदानाचे. 2007 मध्ये जोसेप दालमाऊ यांनी एक आजार ओळखला. त्यात शरीराच्याच अँटिबॉडी मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर उलटतात. रुग्ण बहुधा तरुण मुली. काही दिवसांतच भास, संशय, बडबड. मग फिट, तोंडाच्या विचित्र हालचाली, अंग ताठणे. गावात याला बाहेरची बाधा म्हणतात, दवाखान्यात कधी कधी स्किझोफ्रेनिया. स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन आणि अंडाशयात गाठ असल्यास शस्त्रक्रिया, एवढ्याने बहुतेक जणी सुधारतात, पण वेळेत कळले तर. म्हणून पहिल्यांदाच वेडाचा झटका आलेल्या रुग्णाला ताप, फिट किंवा ताठरपणा असेल, तर मनोरुग्णालयाची चिठ्ठी देण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे आणि पाठीतले पाणी अँटिबॉडीसाठी तपासावे, असा लेखी नियम आपण करावा.

दुसरे काम क्लोझापिन या औषधाचे. स्किझोफ्रेनियाची बाकीची औषधे लागू पडत नाहीत, तेव्हा हेच उपयोगी पडते. मात्र क्वचित एखाद्याच्या पांढऱ्या पेशी ते साफ उतरवते. मग साधा घसादुखीचा ताप जिवावर बेततो. 1975 मध्ये फिनलंडमध्ये यातून आठ जण दगावले. औषध परत आले ते रक्ततपासणीच्या अटीवर: पहिले 18 आठवडे दर आठवड्याला, नंतर लांब अंतराने. लागते काय, तर जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन मिली रक्त. तेवढ्यासाठी लाखांदूरच्या माणसाने शंभरावर किलोमीटर दूरचे नागपूर गाठायचे, म्हणजे त्याचा दिवस गेला आणि सोबत्याची मजुरीही. रोवणीच्या दिवसांत कोण जाईल? तपासणी चुकते, नाहीतर डॉक्टर हे औषध सुरूच करत नाहीत.

सिकलसेलसाठी या जिल्ह्यात गावोगाव रक्त तपासले जाते. क्लोझापिनच्या मूठभर रुग्णांचे तर त्याहून सोपे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्याचा एक वार ठरवा, पांढऱ्या पेशींचा आकडा त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाला फोनवर कळवा, आणि ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन परत न पाठवता आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा, अशी सूचना काढा. येत्या रोवणीआधी ती निघावी, ही विनंती.

आपला,
लाखांदूर तालुक्यातील एक नागरिक