शोधावें कसें?

गेल्या सहामाहींत नववीच्या विद्यार्थ्यांस आम्हीं पंडिता रमाबाईंवर निबंध लिहावयास सांगितलें होतें. एका निबंधांत आमच्या वाचनांत आलें तें असें : रमाबाईंचे पति न्यायमूर्ति रानडे यांनीं त्यांस लिहावाचावयास शिकविलें, पुढें १८८९ सालीं त्यांनीं मुंबईंत शारदा सदन काढिलें, आणि १९३५ सालीं त्यांचें देहावसान झालें. पहिली गोष्ट रमाबाई रानडे यांची, दुसरी पंडिता रमाबाईंची आणि तिसरी रमाबाई आंबेडकर यांची! तीन स्त्रियांची एक मूर्ति घडवून लेखक निश्चिंत झाला होता. विचारतां तो म्हणाला, "सर, मी मोबाइलवर 'रमाबाई' एवढेंच घातलें, जें वर आलें तें उतरून घेतलें."

असें कांहीं घडलें म्हणजे पालक यंत्रास बोल लावितात. आमच्या मतें येथें अपराध यंत्राचा नसून प्रश्नाचा आहे. गूगलसारखें शोधयंत्र ऐनवेळीं सारें जग धुंडाळीत नाहीं. असंख्य पानें आधींच वाचून, ग्रंथाच्या अखेरीस असते तशी सूचि त्यानें करून ठेविलेली असते. आपण दिलेले शब्द त्या सूचींत पाहून तें पानांचा क्रम लावितें. आपल्या मनांतील अर्थाचा तें अंदाज बांधितें खरें, परंतु तो अंदाजच.

यास्तव शब्द असे निवडावे कीं, जे हव्या त्या पानावर असतील आणि नको त्या पानावर नसतील. "रमाबाईंची माहिती" यापेक्षां "शारदा सदन १८८९" हे शब्द कितीतरी उपयोगी. कांहीं शब्द त्याच क्रमानें हवे असल्यास ते दुहेरी अवतरणचिन्हांत घालावे. एखादा शब्द नको असल्यास त्याच्या आधीं वजाचें चिन्ह द्यावें. चिन्ह व शब्द यांमध्यें जागा सोडूं नये. मात्र हें शस्त्र जपून वापरावें. "रानडे" हा शब्द वगळला, तर न्यायमूर्ति रानडे हे शारदा सदनाच्या सल्लागार मंडळांत होते, हें सांगणारें पानही हातचें जाईल. भाषाही बदलून पाहावी. पंडिताबाईंचें "स्त्रीधर्मनीति" हें पुस्तक मराठींत आहे, तर उच्चवर्णीय हिंदु स्त्रीविषयींचें त्यांचें १८८७ सालचें पुस्तक इंग्रजींत. एकाच भाषेंत शोधणाऱ्यास त्यांचें अर्धेंच कार्य दिसेल.

परंतु याहून मोठा धोका निराळाच आहे. मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ सालीं रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं सदनाशीं असलेला संबंध सोडिला. आतां एकानें "शारदा सदनाचें कपट" असें शोधिलें आणि दुसऱ्यानें "शारदा सदनावरील अन्याय" असें शोधिलें, तर दोघांसही बहुधा आपापल्या मताचींच पानें मिळतील, व आपण शोध केला असें दोघेही म्हणतील. वस्तुतः दोघांनींही आरशांत पाहिलें. "शारदा सदन १८९३ सल्लागार राजीनामा" असें विचारावें, म्हणजे दोन्ही पक्ष पुढें येण्याचा संभव अधिक. आम्ही मिशनच्या शाळेंतील. आम्हांस तर हें पथ्य अधिकच कांटेकोरपणें पाळिलें पाहिजे. आपणांस प्रिय असलेल्या व्यक्तीविषयीं पक्षपाती प्रश्न विचारणें हें तिच्याविषयींच्या आदराचें लक्षण नव्हे.

हल्लीं पुष्कळदां निकालांच्या माथ्यावर यंत्रानेंच रचिलेलें तयार उत्तर येतें. तें सुबक असतें, म्हणूनच तेवढ्यावर थांबण्याचा मोह होतो. खालचीं दोन-तीन पानें स्वतः उघडावीं, तीं कोणीं लिहिलीं तें पाहावें, आणि प्रश्न सुधारून पुन्हां विचारावा. पहिलाच प्रश्न नेमका साधला, असें क्वचितच घडतें.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे. मूल मोबाइल घेऊन बसलें म्हणजे "काय सांपडलें?" असें विचारण्यापूर्वीं "काय विचारलेंस?" असें त्यास अवश्य विचारावें.