'इन केस इफ' आणि अंतरवाली सराटीतला एक शब्द

मंडळी, ह्या शनिवारी जरा भांडण काढायचंय. 'इन केस इफ' ह्या आपल्या लाडक्या जोडगोळीशी.

"इन केस इफ यू हॅव एनी क्वेरीज" असं लिहिलेला मेल आला नाही असा आठवडा दाखवा राव! 'इन केस' आणि 'इफ' हे एकाच दारावरचे दोन वॉचमन. एकाला घरी पाठवलं तरी चालतं. मराठीतही आपण हेच करतो: "जर पाऊस पडल्यास". अहो, 'पडल्यास' मध्ये अट आलीच की! "पाऊस पडला तर" म्हणा, नाहीतर "पाऊस पडल्यास" म्हणा.

बरं, हे दोघे जुळे भाऊही नाहीत. "छत्री घे, इफ इट रेन्स" म्हणजे पाऊस आला तर घे. "छत्री घे, इन केस इट रेन्स" म्हणजे आत्ताच घे, आलाच पाऊस तर जवळ असावी म्हणून. आणि 'इन केस ऑफ' ची तऱ्हा तिसरीच. त्याला क्रियापद चालत नाही, नाम लागतं. "इन केस ऑफ फायर काच फोडा" म्हणजे आग लागली तर फोडा. तिथे 'ऑफ' काढून "इन केस देअर इज अ फायर" केलंत, तर काटेकोर वाचणारा काच आजच फोडून ठेवेल :)

इथवर गंमत झाली. माझा खरा राग आहे तो क्रियापद गिळून टाकणाऱ्या अटींवर. 'सब्जेक्ट टू व्हेरिफिकेशन', 'इन द इव्हेंट ऑफ डिले', आणि त्यांची मराठी भावंडं: 'पडताळणीच्या अधीन राहून', 'छाननीअंती', 'पात्रतेनुसार'. 'जर-तर' मध्ये कर्ता असतो, क्रियापद असतं, काळ असतो. 'पडताळणीच्या अधीन' मध्ये पडताळणी कोण करणार? किती दिवसांत? झालीच नाही तर काय? ह्याला 'एल्स' नसलेला 'इफ' म्हणतात, आणि कोड रिव्ह्यूमध्ये असला 'इफ' दिसला की आपण लगेच लाल शेरा मारतो. ऑफर लेटरवर मात्र मुकाट सही ठोकतो!

"शब्दांचा कीस कशाला काढता" असं कुणी म्हणेल. त्याने जालना जिल्ह्याचा नकाशा उघडून अंबड तालुक्यातली अंतरवाली सराटी शोधावी. २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे तिथे उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि गावाचं नाव देशभर पोचलं. त्यानंतर सरकारचा निर्णय आला: ज्यांच्याकडे निजामकालीन कुणबी नोंदी, वंशावळ आहे, त्यांना प्रमाणपत्र. मांडवातून उत्तर गेलं की वंशावळीची अट काढा, सरसकट म्हणा. ज्याच्याकडे कागद आहेत त्याला नव्या निर्णयाची गरजच काय? म्हणजे भांडण प्रमाणपत्राइतकंच त्याला लावलेल्या अटीचंही होतं.

दोन वर्षांनी पुन्हा तेच. २ सप्टेंबर २०२५ ला आझाद मैदानावरचं उपोषण सुटलं, तेव्हा आधीच्या मसुद्यातला 'पात्र' हा शब्द वगळून सुधारित शासन निर्णय निघाला. तो शब्द गेला म्हणून छगन भुजबळांनी आक्षेप घेतला. आरक्षणावर तुमचं-माझं मत काहीही असो, एक गोष्ट बघा. एकमेकांच्या विरोधात उभे असलेले दोघंही त्या दोन अक्षरांवर अडले, आणि दोघांनीही बरोबर ओळखलं की 'पात्र' हे विशेषण नाहीच. ते दबा धरून बसलेलं 'जर' आहे. पात्र कोण हे ठरवणाऱ्याच्या हातात सगळी किल्ली.

आता वकील मित्र म्हणतील, कायद्याला 'च्या अधीन राहून' लागतंच. मान्य. दोन कलमांची टक्कर झाली तर कुठलं वरचढ, हे सांगायला तो शब्दप्रयोग चोख आहे. पण तिथे एक कलम दुसऱ्या कलमाच्या अधीन असतं. आपण माणसाची नोकरी, फ्लॅटचा ताबा, विम्याचा क्लेम कुठल्यातरी अनामिक 'पडताळणी'च्या अधीन करून टाकतो. हे वेगळं आहे.

म्हणून माझा साधा आग्रह. एका अटीला एकच खूण: 'जर-तर' किंवा '-ल्यास', दोन्ही नकोत. अट पूर्ण झाली की नाही हे कोण ठरवणार, त्याचं पद लिहा. आणि 'नाहीतर काय' हे लिहिल्याशिवाय पूर्णविराम देऊ नका. इंग्रजीत लिहा, मराठीत लिहा, नियम तोच.

आणि समोरून 'सब्जेक्ट टू' आलं, तर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा: "म्हणजे नक्की कोणी काय केलं तर?" उत्तर लेखी मागा. उपोषणाला बसायची गरज नाही, एक मेल पुरे. फक्त त्यात 'इन केस इफ' नको.